तेवीस वाजून सत्तावीस मिनिटं

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅबचा चालता डेटाबेस त्यांच्याच एका इंजिनिअरच्या हातून पुसला गेला. प्रोग्रामर मंडळी जिथे आपला कोड ठेवतात, चुका नोंदवतात, एकमेकांच्या बदलांवर वाद घालतात अशा मोठ्या ठिकाणांपैकी हे एक. कोड गिटच्या फाइलींमध्ये असतो, डेटाबेसमध्ये नसतो, म्हणून तो वाचला. पण खाती कोणाची, प्रकल्प कोणाचे, कोणी कुठे काय टिप्पणी केली, हे सगळं एका पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये होतं. त्यातले सुमारे ३०० जीबी एक-दोन सेकंदांत गेले.

नंतर कंपनीने जे केलं ते या धंद्यात सहसा कोणी करत नाही. त्या रात्रीच्या कच्च्या नोंदी लोकांसमोर ठेवल्या, डेटा परत आणण्याचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि दहा दिवसांनी सविस्तर अहवाल काढला. म्हणून कोण कधी काय करत होतं हे आपल्यासारख्या बाहेरच्यांनाही कळतं. एवढं सगळं उघड असूनही ही हकिगत 'चुकीच्या सर्व्हरवर डिलीट मारलं' अशा एका ओळीत उरकली जाते. मला ती ओळ पटत नाही. डिलीट मारलं तेव्हा त्या यंत्रणेतले बरेचसे आधार आधीच निखळलेले होते, आणि त्यातल्या एकानेही हूं की चूं केलं नव्हतं.

खालच्या सगळ्या वेळा यूटीसीतल्या आहेत. भारतीय वेळ हवी असेल तर साडेपाच तास मिळवा. गिटलॅबची माणसं वेगवेगळ्या देशांतून घरबसल्या काम करायची. ज्या क्षणी डेटा गेला तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत ३१ जानेवारीची दुपार होती, मध्य युरोपात १ फेब्रुवारीची मध्यरात्र उलटली होती आणि मुंबईत पहाटेचे पाच वाजायला तीन मिनिटं कमी होती. तिघांनी आपापल्या घड्याळाप्रमाणे नोंदी केल्या असत्या तर आधी काय झालं आणि नंतर काय, याचाच पत्ता लागला नसता.

डेटाबेसच्या आतही हाच प्रश्न असतो. पोस्टग्रेसमध्ये वेळेचे दोन प्रकार आहेत. एक, टाइमझोनसह: दिलेली वेळ आत यूटीसीत बदलून ठेवली जाते आणि बघणाऱ्याच्या झोनप्रमाणे दाखवली जाते. दुसरा, टाइमझोनविना: भिंतीवरच्या घड्याळातले आकडे जसे दिले तसे. आपल्याकडे कित्येक ठिकाणी रकाना दुसऱ्या प्रकारचा, त्यात भारतीय वेळ, आणि सर्व्हर मात्र यूटीसीवर अशी खिचडी असते. मग दिवस सर्व्हरच्या घड्याळाने धरला की रोजचा हिशेब रात्री बाराला तुटायचा तो पहाटे साडेपाचला तुटतो आणि रात्री एकची विक्री आदल्या दिवसाच्या खात्यात जाऊन बसते. गिटलॅब ज्या रेल्स फ्रेमवर्कवर बांधलेलं आहे त्यातही रकाने टाइमझोनविनाच असतात, पण लिहायची रीत पक्की यूटीसीची. त्या रात्री निदान ही एक गोष्ट जागेवर होती.

सुमारे वर्षभर आधी

पोस्टग्रेसच्या सेटिंगच्या फाइलीत, एका वेळी जास्तीत जास्त किती कनेक्शन घ्यायची, याचा एक आकडा असतो. गिटलॅबमध्ये तो ८००० होता. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी एक स्वतंत्र प्रोसेस उभी करतं. आठ हजार प्रोसेस खरोखरच एकदम कामाला लागल्या तर भल्याभल्या मशीनचा दम निघेल. म्हणून जाणते लोक हा आकडा काही शेकड्यांत ठेवतात आणि पुढे कनेक्शन वाटून देणारा पूलर बसवतात. पण 'कनेक्शन शिल्लक नाहीत' अशी एरर पहाटे तीनला आली की आकडा वाढवून झोपायला जाणं हा सर्वांत स्वस्त उपाय असतो. एरर जाते, तिकीट बंद होतं.

या सेटिंगची गंमत अशी की ती बदलायची तर डेटाबेस रीस्टार्ट करावा लागतो, आणि ती पचते की नाही हेही रीस्टार्टच्या वेळीच कळतं. चालू डेटाबेस कधी म्हणत नाही की बाबा, हा आकडा माझ्या अंगाबाहेरचा आहे. गिटलॅबचे ८००० जवळजवळ वर्षभर बिनबोभाट चालले.

१७:२०. सहा तास सात मिनिटं आधी

गिटलॅबकडे तेव्हा डेटाबेसचे दोन सर्व्हर होते: डीबी१ प्रायमरी, डीबी२ सेकंडरी. सेकंडरी फक्त वेळप्रसंगी उभी राहण्यापुरती. वाचणं-लिहिणं सगळं डीबी१ च्या गळ्यात. हा भार वाटून द्यावा म्हणून एक इंजिनिअर स्टेजिंगवर, म्हणजे तालमीच्या सर्व्हरवर, पीजीपूल बसवून बघत होता. तालीम खऱ्यासारखी व्हायला डेटा ताजा हवा. एलव्हीएमचा स्नॅपशॉट दिवसातून एकदा आपोआप निघायचा, पण तो शिळा झाला होता. म्हणून त्याने १७:२० ला हाताने एक नवा काढला आणि स्टेजिंगवर चढवला.

डेटा वाचवायचा असा कोणताही हेतू यामागे नव्हता. हे लक्षात असू द्या.

१९:००. साडेचार तास आधी

डेटाबेसवरचा लोड चढू लागला. स्पॅमवाले असावेत असा अंदाज होता. त्या आठवड्यात असं आधीही झालं होतं, इतकं नाही एवढंच. लोकांना टिप्पण्या टाकता येईनात.

अंदाज अर्धाच खरा होता. लोडचा एक भाग घरातूनच येत होता, हे नंतर कळलं. कोणा उपद्व्यापी माणसाने गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याबद्दल गैरवापराची तक्रार केली होती आणि तपासणाऱ्याच्या नजरचुकीने ते खातं काढून टाकायच्या रांगेत गेलं होतं. पाठीमागे एक जॉब त्या कर्मचाऱ्याचा सगळा डेटा खणून काढत बसला होता. वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाच्या नोंदी किती टेबलांत पसरलेल्या असतात याची कल्पना करा. ज्यांनी रिलेशनल डेटाबेस सांभाळला आहे त्यांना हे नवीन नाही: एक ओळ घालणं स्वस्त, ती मुळासकट उपटणं फार महाग.

२१:००. अडीच तास आधी

स्पॅमवाल्यांचे आयपी अडवले, खाती उडवली. एका पठ्ठ्याने तर आपली रिपॉझिटरी जगाला फाइली वाटायचं केंद्र करून टाकली होती; त्याच्या एकाच खात्यावर ४७,००० आयपींवरून लॉगिन होत होतं. तेही खातं काढलं. जो इंजिनिअर दिवसभर पीजीपूलमागे होता तोच आता या आगीशी झुंजत होता. त्याच्या घड्याळात अकरा वाजत आले होते आणि आपण आता थांबतो असं त्याने सांगूनही टाकलं होतं.

२२:००. दीड तास आधी

अलार्म वाजला: सेकंडरी मागे पडली आहे. नंतरच्या अहवालात रेप्लिकेशन बिघडण्याची वेळ अंदाजे २३:०० दिली आहे, त्या रात्रीच्या कच्च्या नोंदीत २२:००. गडबडीतल्या नोंदी अशाच असतात. इंजिनिअरचं थांबणं राहिलं.

मागे पडली म्हणजे काय, हे इथे समजून घ्यायला हवं. पोस्टग्रेस कोणताही बदल आधी वॉल नावाच्या फाइलींत लिहितं आणि टेबलांच्या फाइली नंतर सवडीने बदलतं. आधी रोजकीर्द, मग खतावणी. सेकंडरीचं काम एवढंच की प्रायमरीच्या रोजकीर्दीची पानं एकामागून एक घ्यायची आणि त्यांवरून आपल्याकडे तशीच खतावणी उभी करायची. एक पान म्हणजे १६ एमबीची फाइल. डिस्क भरू नये म्हणून प्रायमरी जुनी पानं ठरावीक संख्येनंतर टाकून देते. लिखाण नेहमीच्या वेगाने चालू असतं तोवर सेकंडरीला पान वेळेत मिळतं. त्या रात्री लिखाणाचा पूर आला होता आणि डीबी२ सुमारे ४ जीबी मागे होती, म्हणजे अडीचशेहून जास्त पानं. तिला हवं असलेलं पान प्रायमरीने टाकून दिलेलं होतं. मधलं एक पान नसेल तर पुढची हजार असून उपयोग नाही.

याला दोन उपाय आहेत आणि दोन्ही आधी करायचे असतात. एक, रेप्लिकेशन स्लॉट: सेकंडरीने पान घेतल्याशिवाय प्रायमरी ते टाकत नाही. पण सेकंडरी दोन दिवस मेलेली राहिली आणि कोणाचं लक्ष नसलं तर पानं साठून प्रायमरीचीच डिस्क भरते आणि तीही बसते. दुसरा, आर्काइव्ह: टाकण्याआधी प्रत्येक पान दुसरीकडे जपून ठेवायचं. सेकंडरी कितीही मागे पडली तरी तिथून वाचत येते. शिवाय डेटा उडालाच तर जुन्या बॅकअपवर ही पानं चढवून बिघाडाच्या आदल्या मिनिटापर्यंत पोचता येतं. माझ्या मते आर्काइव्हशिवाय चालता डेटाबेस ठेवूच नये. गिटलॅबकडे आर्काइव्ह नव्हता.

उरला एकच मार्ग. डीबी२ वरची डेटाची डिरेक्टरी पूर्ण पुसायची आणि पीजी बेसबॅकअप नावाच्या आज्ञेने प्रायमरीवरून सगळं नव्याने ओढायचं. इंजिनिअरने डीबी२ ची डिरेक्टरी पुसली. हे बरोबरच होतं. फक्त यापुढे गिटलॅबचा डेटा एकाच मशीनवर जिवंत होता.

पुढच्या तासाभरात

बेसबॅकअप सुरू केला. तो नुसता बसून राहिला. सविस्तर बोलण्याचा पर्याय देऊनही अवाक्षर नाही. दोन-चारदा केल्यावर शेवटी कारण सांगितलं: प्रायमरीवर रेप्लिकेशनसाठी जोडणी शिल्लक नाही. त्या जोडण्यांची मर्यादा ३ होती. ती ३२ केली. ही सेटिंगही रीस्टार्ट मागणारी, म्हणून डीबी१ रीस्टार्ट केला, आणि तो उठेना. 'सेमाफोर फार झाले' अशी त्याची तक्रार.

हा वर्षभरापूर्वीचा आकडा. पोस्टग्रेस उठतानाच सगळ्या संभाव्य कनेक्शनांसाठी कर्नेलकडून सेमाफोर मागून घेतं. आठ हजार कनेक्शन खरोखर येतात की नाही हा प्रश्नच नसतो. वर्षभर खपून गेलेला आकडा नेमका आज नडला. ८००० चे २००० केले. डीबी१ उठला.

रात्री अकरानंतर, आग चालू असताना, चालत्या प्रायमरीवर दोन सेटिंग बदलून रीस्टार्ट मारणं आणि तो पहिल्या झटक्यात न उठणं, हे ज्यांनी कधी अनुभवलं असेल त्यांना पुढे काय होणार याचा वास आत्ताच येईल. माणूस हुशार आहे की नाही याचा अशा वेळी फारसा संबंध राहत नाही.

२३:०० च्या पुढे. शेवटची वीसेक मिनिटं

डीबी२ आता जोडणीची तक्रार करत नव्हती. पण बेसबॅकअप पुन्हा गप्प. एस-ट्रेस लावून आत काय चाललंय ते बघितलं: तो पोल नावाच्या कॉलमध्ये थांबला होता. म्हणजे कशाची तरी वाट बघत होता, कशाची ते कळत नव्हतं.

खरं उत्तर इतकं साधं आहे की वाचून चीड येते. काहीच बिघडलेलं नव्हतं. प्रायमरी डेटा पाठवायला लागेपर्यंत बेसबॅकअप मुकाट बसून राहायचा, तसंच तेव्हा त्याचं वागणं होतं. वेगळं सांगितलं नाही तर तो प्रायमरीच्या चेकपॉइंटची वाट बघतो, आणि डिस्कवर ताण येऊ नये म्हणून हा चेकपॉइंट मुद्दाम सावकाश केला जातो. लोड असलेल्या सर्व्हरवर त्याला काही मिनिटं सहज लागतात. 'चेकपॉइंट लवकर कर' असा पर्याय त्या आज्ञेत आहे. गिटलॅबमधल्या दुसऱ्या एका इंजिनिअरला हे गप्प बसणं आधीपासून ठाऊक होतं. तो त्या वेळी हजर नव्हता, आणि टीमच्या रनबुकमध्ये ते लिहिलेलं नव्हतं. पोस्टग्रेसच्या कागदपत्रांतही ते स्पष्ट नव्हतं. 'प्रायमरीच्या चेकपॉइंटची वाट बघतो आहे' अशी एक ओळ पडद्यावर आली असती तर हा माणूस चहा करायला उठला असता.

ती आली नाही, म्हणून त्याने स्वतःच कारण शोधलं. डीबी२ वर डेटाची डिरेक्टरी रिकामी असली तरी आहे. बेसबॅकअपला कदाचित तीच खटकत असेल. काढूनच टाकू. वास्तविक बेसबॅकअप भरलेली डिरेक्टरी दिसली तर तसं सांगून थांबतो आणि रिकामी असेल तर ती निमूट वापरतो. शंकेला काही आधार नव्हता, पण ती करण्याजोगी होती, आणि रिकामी डिरेक्टरी काढून कोणाचं काय जाणार होतं?

आता पडद्याकडे जवळून बघा. दोन टर्मिनल. दोन्हीकडे एकाच रंगाचा प्रॉम्प्ट, दोन्हीकडे डेटाच्या डिरेक्टरीचा तोच लांबलचक पत्ता. दोन मशीनच्या नावांत फरक एका अंकाचा: एक आणि दोन. बाकी अक्षरं सारखी. थोड्या वेळापूर्वी सेटिंग बदलायला आणि रीस्टार्ट करायला तो डीबी१ वरच काम करत होता.

२३:२७

त्याने आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत त्याला दिसलं की आपण डीबी१ वर आहोत. त्याने लगेच थांबवलं. साधारण ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते.

दोन सेकंदांत तीनशे जीबी कसे जातात, असं लोक विचारतात, कारण तेवढीच फाइल कॉपी करायला तासन् तास लागलेले त्यांना ठाऊक असतात. पोस्टग्रेस मोठी टेबलं एकेका जीबीच्या तुकड्यांत ठेवतं. आरएम (पुसायची आज्ञा) त्या फाइलींतला डेटा वाचत नाही, त्यावर शून्यंही लिहीत नाही. नाव काढतो आणि जागा मोकळी झाल्याची नोंद करतो. पुसायला लागणारा वेळ हा बाइट्सवर नव्हे तर फाइलींच्या संख्येवर ठरतो, आणि फाइली काही हजार असल्या तरी ते काम सेकंदांचं. त्या माणसाचं भान सुटलं नव्हतं, दोन सेकंदांत चूक पकडणं ही चांगली प्रतिक्रिया म्हणायची. मशीन त्याहून जलद होतं.

२३:२७ नंतर

आता बॅकअप. इथून पुढचा भाग मला त्या आज्ञेपेक्षा जास्त भयंकर वाटतो.

पहिला आधार, सेकंडरी. ती तासाभरापूर्वी नियमानुसार पुसलेली.

दुसरा, रोजचा पीजी डंप, ॲमेझॉनच्या एस३ वर जाणारा. बकेट उघडली तर रिकामी. दुसरीकडे डंपच्या ज्या फाइली सापडल्या त्या काही बाइट्सच्या. का? गिटलॅबच्या पॅकेजमध्ये पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्यांची हत्यारं होती, ९.२ ची आणि ९.६ ची. कुठली वापरायची हे डेटाच्या डिरेक्टरीतली आवृत्तीची फाइल बघून ठरायचं. पण डंप चालायचा तो ॲप्लिकेशनच्या सर्व्हरवर. तिथे डेटाची डिरेक्टरीच नाही. फाइल नाही म्हटल्यावर पॅकेज आपलं जुन्यावर, ९.२ वर यायचं. जुना पीजी डंप नव्या आवृत्तीच्या सर्व्हरचा डंप काढायला नकार देतो, आणि तो नकार योग्यच आहे. तो रोज नकार देत होता.

मग कोणाला कळलं कसं नाही? क्रॉन जॉब फसला की मेल जायची व्यवस्था होती. मेल जातही होती. पण गिटलॅबच्या मेलना डीमार्क लागू होतं, म्हणजे पाठवणारा खरा आहे याचा पुरावा नसलेली मेल घेणाऱ्याने नाकारायची. क्रॉनच्या मेलना तो पुरावा जोडलेला नव्हता. प्रत्येक इशारा दारातूनच परत जात होता. ज्या दिवशी इनबॉक्समध्ये तक्रार नाही तो दिवस चांगला गेला, असं धरायची सवय आपल्या सगळ्यांनाच असते.

तिसरा, अझुरवरचे डिस्क स्नॅपशॉट. गिटच्या फाइली ठेवणाऱ्या एनएफएस सर्व्हरांवर चालू, डेटाबेसच्या सर्व्हरांवर बंद. बाकीचे बॅकअप आहेतच, या भरवशावर.

चौथा, एलव्हीएमचा स्नॅपशॉट, दर चोवीस तासांनी. हा चालत होता. त्यावरून डेटा परत आणला असता तर जवळजवळ एक दिवस बुडाला असता.

त्या रात्रीच्या नोंदीत या टीमने स्वतःच लिहून ठेवलं की बॅकअप आणि रेप्लिकेशनचे पाच प्रकार, पण भरवशाने चालणारा किंवा मुळात नीट बसवलेला एकही नाही. वाचला तो १७:२० चा, तालमीसाठी हाताने काढलेला स्नॅपशॉट. पीजीपूलची चाचणी दुसऱ्या दिवशी ठरली असती तर? वापरणाऱ्यांचं आणखी अठरा तासांपर्यंतचं काम गेलं असतं.

१ फेब्रुवारी, दिवसभर

स्टेजिंगवरून प्रॉडक्शनवर कॉपी सुरू केली. स्टेजिंग पैसे वाचवायला अझुरच्या जुन्या, स्वस्त डिस्कवर ठेवलेलं होतं. त्या डिस्क नेटवर्कवरच्या आणि सुमारे ६० मेगाबिटला दाबून ठेवलेल्या, म्हणजे सेकंदाला साडेसात एमबी. प्रोसेसर मोकळा, नेटवर्क मोकळं, सगळं अडलं ते डिस्कपाशी. कॉपीला १८ तासांच्या आसपास लागले. स्टेजिंगची डिस्क स्वस्त असली तर काय बिघडतं, असं बजेटच्या बैठकीत सगळेच म्हणतात. तीच डिस्क उद्या एकमेव बॅकअप ठरेल हे तिथे कोणाच्या डोक्यात नसतं. यूट्यूबवर हे काम एका वेळी पाच हजारांच्या आसपास लोक बघत होते, आणि ट्विटरवर इतर कंपन्यांचे इंजिनिअर धीराचे शब्द पाठवत होते. हसणारे त्या मानाने कमीच. ज्याने कधी सर्व्हर सांभाळला आहे त्याला हसू येत नाही.

भारतात हा संपूर्ण कामाचा दिवस होता. पहाटे पाचच्या सुमाराला बंद पडलेलं संकेतस्थळ रात्री साडेअकराला सुरू झालं. मधल्या वेळात तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांचा, १ फेब्रुवारीला मांडला जाणारा पहिला अर्थसंकल्प मांडून झाला, त्यावरच्या चर्चाही झाल्या. गिटवाल्यांचा एक फायदा मात्र होता: प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पूर्ण रिपॉझिटरी असतेच. कोड लिहिता येत होता, पाठवता येत नव्हता.

एक बारीक अडचण राहिली. प्रॉडक्शनचा डेटा स्टेजिंगवर आला की तिथून बाहेरच्या लोकांना चुकून सूचना जाऊ नयेत म्हणून सगळे वेबहुक काढून टाकले जायचे. म्हणजे परत आणलेल्या डेटाबेसमध्ये वेबहुक नव्हते. ते मिळवायला त्याच स्नॅपशॉटवरून वेगळा डेटाबेस उभा केला, या वेळी काढून टाकण्याची पायरी न चालवता, आणि तेवढं एक टेबल इकडे आणलं.

आणि एक सुंदर काम केलं, जे घाईत विसरलं गेलं असतं तर पुढे महिनोन् महिने भुतं निघाली असती. १७:२० नंतर तयार झालेल्या प्रकल्पांना, टिप्पण्यांना, खात्यांना क्रमांक दिले गेले होते. ते मेलमध्ये, लिंकमध्ये बाहेर गेलेले. डेटाबेस मात्र पुन्हा १७:२० ला उभा. तसाच चालू केला असता तर तेच क्रमांक नव्या माणसांना मिळाले असते आणि जुनी लिंक दाबणारा भलत्याच प्रकल्पावर पोचला असता. म्हणून हे क्रमांक देणाऱ्या सगळ्या सीक्वेन्स एक लाखाने पुढे ढकलल्या.

१८:००

संकेतस्थळ सुरू झालं. १७:२० पासून मध्यरात्रीपर्यंतचे बदल गेले ते गेलेच: कंपनीच्या अंदाजाने सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती यांना फटका बसला. इंजिनिअरची नोकरी गेली नाही. पुढच्या कामांच्या यादीत प्रॉम्प्टला रंग देणं होतं, दर तासाला स्नॅपशॉट होता, वॉलचा आर्काइव्ह होता, बॅकअप आपोआप चढवून बघणं होतं. आणि एक अगदी कारकुनी वाटणारी ओळ होती: डेटा टिकण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर करणं. बॅकअप नियमित तपासले का जात नव्हते, या प्रश्नाचं अहवालातलं उत्तर हेच आहे की ते कोणाचंच काम नव्हतं. रंगीत प्रॉम्प्टपेक्षा मी या ओळीला जास्त मोल देईन.

तुमच्याकडे बॅकअप फसल्याची मेल कित्येक महिन्यांत आली नसेल, तर एखाद्या रात्री तो जॉब मुद्दाम फसवा आणि सकाळी मेल येते का ते बघा.